बाबांचा जुना डोळा

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आमची पाती मऊ निघायला लागली. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या लक्षात यायला तिसरं पातं उजाडलं. माझं डोकं तापतं लवकर, चालतं उशिरा.

घरामागच्या शेडमध्ये आमची भट्टी आहे. बाबा तलवारींची लांब पाती करतात, मी त्यांच्या हाताखाली. भट्टी पात्यापेक्षा आखूड, म्हणून सांडशीने पातं सतत आत-बाहेर ओढत सगळीकडून सारखं तापवायचं आणि नेमक्या रंगावर आलं की उभ्या पाइपातल्या तेलात बुडवायचं; कमी तापलेलं बुडवलं तर ते मऊच राहतं. याला आम्ही पाणी देणं म्हणतो, पाण्याचा थेंब नसला तरी. ओढायचं काम माझं, रंग ओळखायचं बाबांचं. खिडक्या बंद, अंधार, आणि त्यांचं एकच "आता!"

तलवारबाजी शिकवणाऱ्या मास्तरांनी दोन पाती परत आणली. वाकवली की वाकलेलीच राहत होती. बाबांनी आधी पोलादाला नावं ठेवली, मग तेलाला, मग मला. मी नीट ओढत नाही म्हणे! मीही चार शब्द सुनावले. त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत चाललं. तिसरं पातं घडवून झाल्यावर बाबा म्हणाले, "हेही मऊ निघालं तर भट्टी मोडायची." ते उगाच बोलणाऱ्यातले नाहीत.

पातं तापलं. "आता!" बाबा म्हणाले. का कोण जाणे, मी तेलाकडे न वळता दांड्याला बांधलेलं लोहचुंबक पात्याला लावलं. पुरेसं तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं; स्वतः मात्र ते त्याला नवशिक्यांचं खेळणं म्हणत. चुंबक टचकन चिकटलं.

"माझ्यावर विश्वास नाही?" बाबांचा आवाज चढला.

मी भांडायला तोंड उघडलं आणि मला ऑपरेशननंतरचे बाबा आठवले. भिंत पांढरी आहे होय, मी पिवळी समजत होतो, असं सांगत घरभर फिरणारे. नव्या डोळ्याला सगळंच उजळ दिसत होतं, आणि रंग त्यांनी गढूळ डोळ्यांनी पाठ केलेला. पातं तापायच्या आधीच त्यांना तो रंग दिसत होता.

"बाबा, नवा डोळा झाका," मी म्हटलं. "जुन्याने बघा."

त्यांनी डोळ्यावर तळहात ठेवला. मी पातं पुन्हा आत घातलं. बराच वेळ ओढत राहिले. मग हळूच, "आता."

चुंबक चिकटलं नाही. पातं तेलात गेलं. गार झाल्यावर कानस फिरवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली; पातं कडक झालं होतं. मंद आचेवर शेकून ठिसूळपणा काढायचा राहिला होता, पण भट्टी वाचली होती.

बाबा स्टुलावर बसले. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नको," म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणाले? नाही केलं तर तो डोळा जाईल."

"आणि रंग? तो याच डोळ्यात आहे."

मला रडू आलं आणि रागही आला. "ऑपरेशन होणार," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात, ठरल्या दिवशी."

उठून त्यांनी परत आलेल्यातलं एक पातं माझ्या सांडशीत दिलं आणि नवा डोळा झाकून माझ्या शेजारी उभे राहिले. पातं तापत आलं. "आता. हा बघ. तुला कसा दिसतो?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मीही रंग बघितलाच नव्हता, फक्त त्यांच्या आवाजाकडे कान लावून होते.

"सांग लवकर," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून मी तुला विचारणार आहे."