ब्रेकची लाल चिठ्ठी

वर्धापनदिनाच्या समारंभासाठी आमच्या लष्करी वर्कशॉपचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या त्या शेडमध्ये मी अकरा वर्षं कारकून होते आणि जुन्या नोंदवह्या मलाच वाचता यायच्या. किती इंजिनं उतरवली, किती ट्रक पुन्हा रस्त्यावर आणले, पुरात कोणता पूल उभा केला, सगळं त्यात होतं.

व्हिएतनाम युद्धाचं प्रकरण लिहून झालं, तेव्हा तिथं आमच्या तुकडीत मेकॅनिक असलेला रॉन केसेल माझ्या घरी आला. ब्रेकच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता वय अठ्ठ्याहत्तर. आंब्याखालच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "लॉरेन, एकोणसत्तर सालच्या त्या अपघाताचं काय लिहिलंयस?"

मी वाचून दाखवलं. पाण्याचा ट्रक उतारावर उलटला, चालक डेस्मंड वर्थ जागीच गेला. कारण, अतिवेग.

"वेग नव्हता," रॉन म्हणाला. "ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबर गेलं होतं. नवं जहाजानं यायचं होतं. मीच त्या ट्रकवर लाल चिठ्ठी लावली होती, चालवू नये म्हणून. मग पुढच्या छावणीत पाणी संपल्याचा निरोप आला. मी ब्रेकचं तेल भरलं आणि चिठ्ठी काढली."

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणीच नाही. तेच तर."

चौकशीत त्याला कुणी विचारलं नाही, त्यानंही तोंड उघडलं नाही.

पुस्तकाच्या समितीचा प्रमुख बॅरी वैतागला. "अगं, पन्नास वर्षं झाली. समारंभाच्या पुस्तकात हे कशाला उकरतेस? रॉनला घरी पाठव, चहा पाज."

मी डेस्मंडच्या बहिणीचा नंबर शोधला. नोरीन चार्टर्स टॉवर्स या गावी राहत होती. रॉन म्हणाला, फोनवर नको, समोर जाऊन सांगतो. दीड तास मी गाडी चालवली. शेजारी बसलेला तो प्रत्येक उताराला ब्रेक दाबावा तसा पाय दाबत राहिला.

नोरीननं आम्हाला व्हरांड्यात बसवलं. रॉननं काही न लपवता सगळं सांगितलं.  मग तिनं विचारलं, "डेसला माहीत होतं, ब्रेक खराब आहेत ते?"

"नाही. मी त्याला सांगितलं नाही. वाटलं, एक फेरी निघेल."

"आमच्या वडिलांनी त्याचा फोटो भिंतीवरून काढला होता," ती म्हणाली. "म्हणायचे, पोरानं मस्तीत गाडी हाणली. आईनं तो कपाटात ठेवला. वडील त्याच समजुतीत गेले."

 माफी मागायला रॉननं तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आत्ता नको. ते मला आज ऐकवणार नाही. तुम्ही फक्त लिहा. डेसचं नाव लिहा, आणि तुमचंही."

"लिहिणारच आहोत," रॉन म्हणाला.

निघताना तिनं त्याच्या हातात हात दिला नाही. पण फाटकापर्यंत आली, आणि गाडी नजरेआड होईपर्यंत तिथंच उभी होती.

बॅरीनं नव्यानं लिहिलेलं ते पान दोनदा वाचलं आणि सही केली. एकशे बाराव्या पानावर सात ओळी आहेत. पाणी का न्यायचं होतं तेही त्यात आहे; ती सबब वाटेल, लिहू नको, असं रॉननं म्हटलं तरी मी ऐकलं नाही.

समारंभाला रॉन आला नाही. नोरीन आली. तिनं ते पान उभ्या उभ्याच वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांचा नंबर दे. डेस तिथं कसा होता, काय खायचा, कुणाशी भांडायचा, हे सांगणारं आता दुसरं कोण उरलंय?"

पुढच्या रविवारी तिचं आणि रॉनचं फोनवर पाऊण तास बोलणं झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. काय बोलले ते मी विचारलेलं नाही.