उपरण्याखालचा भाव

मित्रांनो, बेंबळीच्या दूध संस्थेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांच्या थप्प्यांवर उभी आहे ना, ती जुनी जीप म्हणजे मी. लपाछपी खेळताना तुम्ही माझ्या पोटात शिरता, स्टेअरिंग फिरवता आणि तोंडाने घुर्रघुर्र करता. मला राग येत नाही, उलट बरे वाटते. पण आज खेळ जरा थांबवा. एका बैलपारख्याने माझी किंमत कशी केली, ते आठवले की मी आजही थक्क होते. तेवढे ऐका.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. सरकारी नोकरीत रुजू झाले आणि दोन-तीन वर्षांतच बहात्तरचा दुष्काळ पडला. व्यंकट माझा ड्रायव्हर. दुष्काळी कामांवरच्या मजुरांना सुकडीची, म्हणजे पौष्टिक भाजक्या पिठाची, पोती पोचवायची, हे आमचे काम. माझी ताकद पाच पोत्यांची, व्यंकट नऊ भरायचा आणि वर माझ्याच बॉनेटवर थोपटून म्हणायचा, "चल बाई, लोक थांबलेत." तेर गावाकडच्या नाल्याच्या कामावर माझा धुरळा दिसला की खडी फोडणारे हात थांबत. शेकडो उपाशी माणसे, पण कुणी रांग मोडली नाही. इतकी मोठी गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही. अशाच एका फेरीत खड्ड्यात आदळून माझ्या चेसीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, तडा गेला. व्यंकटने तो जोडून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो.

पुढे सरकारने माझा लिलाव केला. व्यंकटने नोकरी सोडून मलाच घेतले आणि तुळजापूर-सोलापूर यात्रेकरूंच्या फेऱ्या सुरू केल्या. पण एक्क्याऐंशी साली त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचा माणूससुद्धा धुक्यातल्यासारखा दिसू लागला. त्याने मला विकायला काढले आणि तुळजापूरच्या वीरप्पा नावाच्या दलालाच्या स्वाधीन केले.

वीरप्पा वाईट माणूस नव्हता, पण धंद्याने दलाल. त्याने मला हिरवा रंग दिला, सीटांना नवे कव्हर घातले आणि मीटरचा काटा मागे फिरवून मला एका दिवसात तरुण केले. व्यंकटला माझ्या नव्या रंगाचा फक्त वास आला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बेंबळीची मंडळी आली ती मार्गशीर्षातल्या एका सकाळी; मालक म्हणून व्यंकटही कडेला बसला होता. संस्थेचे चेअरमन उत्तरेश्वर आणि बरोबर कोंडीरामतात्या. तात्या सत्तरीचे, उभा जन्म बैलबाजारात गेलेला. मोटारीतले त्यांना ओ की ठो कळत नव्हते. बैलगाडीने उस्मानाबादला पोचेपर्यंत गावाचे दूध उन्हाळ्यात नासत होते. जीप मिळाली तर संस्था तगणार होती, आणि भलतीच गळ्यात पडली तर सभासदांचे भागभांडवल बुडून संस्थेला कुलूप लागणार होते.

आणि उत्तरेश्वरांनी पहिलीच चूक केली. देवीचे गाव म्हणून त्यांनी मला वाहायला नारळ आणि हार आधीच घेतला होता, तोही हातात धरून ते समोर आले! वीरप्पाने नारळाकडे पाहिले आणि बारा सांगायचे ते चौदा हजार सांगितले.

"चेअरमन," तात्या हळूच पुटपुटले, "नारळ दावून कुणी सौदा करतंय व्हय? पिशवीत टाका त्यो."

मग तात्या माझ्याकडे वळले. रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. सरळ माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि हसले.

"वीरप्पा, हिला सकाळीच फिरवून आणलंय व्हय?"

"न्हाय बा, रातीपासनं हितंच हाय."

"मंग अंग कसं ऊन? लंगडा बैल बाजारात आणायच्या आधी असाच पळवत्यात. अंग तापलं की लंगडणं दिसत न्हाय. गार हू द्या. म्या बसतो."

आणि ते खरेच माझ्या सावलीत बसले. उत्तरेश्वर देवीचे दर्शन घेऊन आले, तरी तात्या जागचे हलले नव्हते. मधेच उठून त्यांनी क्लचच्या पेडलवरून अंगठा फिरवला. त्याचे रबर झिजून लोखंड उघडे पडले होते. "मीटर म्हणतंय वासरू हाय," ते म्हणाले, "पण दात म्हणत्यात, धा-बारा वरीस जू वढलंय." मी अवाक झाले. बैलाचे वय दातांवरून ओळखतात, पण माझे वय कुणी असे पेडलवरून वाचेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

मी गार झाले, तेव्हा तात्यांनी चावी फिरवायला लावली. मी हूं की चूं केले नाही. बॅटरी आणि स्टार्टर इतके थकले होते की तापलेले इंजिनच तेवढे उठवत; सकाळी समोरून लोखंडी हँडल फिरवूनच मला उठवले होते. वीरप्पाचा चेहरा पडला. "बारा द्या," तो म्हणाला. तात्यांनी पानाची चंची सोडली. "दहा?" तात्या पानाला चुना लावू लागले. शेवटी तो आठवर आला.

उत्तरेश्वरांचा हात पिशवीतल्या नारळाकडे गेला. तात्यांनी तो धरला आणि कडेला बसलेल्या व्यंकटला विचारले, "मालक, तुमी बोला. हिच्यात काय हाय, काय न्हाय?"

व्यंकट चाचपडत आला. "हँडल मारा, एका दमात उठंल. इंजन माज्या हातचं हाय, त्याला बोट ठिवायला जागा न्हाय." मग त्याने मान खाली घातली. "पण खालनं चेसी जोडल्याली हाय. सुकडीची पोती वाहताना तडकली."

वीरप्पाने कपाळावर हात मारला. उत्तरेश्वरांनी हँडल मारले. एका फेऱ्यात मी उठले, आणि अशी उठले की व्यंकटचे मिटले डोळे ओले झाले. तात्या बराच वेळ माझा आवाज ऐकत राहिले.

मग त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि व्यंकटचा हात धरून माझ्या बॉनेटवर टेकवला. वर उपरणे टाकले. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात. दिसण्याची तिथे गरजच नसते! माझ्या पाठीवर ते दोन खरबरीत हात एकमेकांशी बोलत होते. व्यंकटने तात्यांची बोटे पुन्हा एकदा चाचपली. त्याचा विश्वासच बसेना. भाव दहा हजारांवर ठरला होता.

"तात्या!" उत्तरेश्वर ओरडलेच. "वीरप्पा आठला देत हुता की!"

"आठ ही वीरप्पाची भीती हुती, जीपची किंमत न्हवं. बॅटरीचं तोडलं, स्टार्टरचं तोडलं, तड्याचंबी तोडलं. इंजनाचं कशापायी तोडू? धन्याला रडवून आणलेला बैल दावणीला टिकत न्हाय, चेअरमन."

आता नारळ फुटला. पहिला तुकडा व्यंकटला दिला. तो तोंडात न टाकताच व्यंकट भडाभडा बोलू लागला. "हँडल मारताना अंगठा आत घिऊ नका, उलटं मारतंय, मनगट मोडंल. घाटात दुसरा गेर निसटतोय, गुडघ्यानं दाबून धरा. रेडिएटर डाव्या अंगाला झिरपतंय, रोज सकाळी तांब्याभर पाणी घाला." माझी एकेक खोड त्याने ओंजळीने दिली. आठ हजारांत घेतले असते, तर यातले एक अक्षर कुणाला कळले नसते.

ते ऐकले म्हणूनच अकरा वर्षे मी दूध वाहिले आणि माझ्यामुळे एक कॅनही नासला नाही. मग टँकर आला आणि मी विटांवर चढले. तात्या गेले, व्यंकटही गेला. कधी कधी भंगारवाला येऊन माझे वजन विचारतो. त्याचेही खरे आहे म्हणा, त्याच्याकडे तराजूच तेवढा आहे.

मित्रांनो, मोठे व्हाल, जुनी गाडी घ्याल, जुने घर घ्याल. तेव्हा खोटीचे पैसे जरूर तोडा, पण गुणाचे तोडू नका. आणि रंगाला भुलण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. माझे बॉनेट आता गारच असते. तरी खेळून जाताना एकदा हात ठेवत जा.