पुष्पांजलीचे चिंचोके

नीरजाबाईंना रीतभात म्हणून नाही. घरात आल्यावर आधी मोठ्या माणसाशी बोलावं, तर ही शहाणी माझ्याकडे पाठ करून ओसरीवर पोरीसमोर फतकल मारून बसली. माझ्या सुनेनं, सुलभेनं दिलेला चहा निवून त्यावर साय धरली.

त्या कॉलेजातर्फे अभ्यास करतात. दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला दिलेली पोरं कशी वाढतात, त्यांना आपली माणसं कोण कोण वाटतात, असा. आमच्याकडे पुष्पांजली आहे, नऊ वर्षांची. बालकल्याण समितीनं तिला धाड गावात आमच्या घरी सांभाळायला दिलं आणि तिच्या धाकट्या भावाला, हर्षलला, दुसरबीडला गोजरबाईकडे.

"मलेही इचारा की काही," मी म्हटलं. "पोरीनं अंग धरलं, पाढे येतात, आमच्या सोहमले राखी बांधते. परकं काहीच राह्यलं नाही."

सोहम माझा नातू. गेल्या राखीला हर्षलला इकडे आणायचं चाललं होतं. मीच मोडता घातला. तो येऊन गेला की ही रडत बसते, घरात जीव लावत नाही. भाऊच पाहिजे तर घरात आहे की. पोरीनं निमूट सोहमला राखी बांधली. मी गल्लीभर कौतुक सांगत फिरले.

नीरजाबाईंनी खडूनं फरशीवर एकात एक गोल काढले. मधोमध पुष्पांजली. "तुझी जी माणसं आहेत, त्यांचा एकेक चिंचोका ठेव. जवळची असतील ती जवळ."

पोरीनं पहिला चिंचोका माझा ठेवला, अगदी मधल्या गोलात. मी सुलभेकडे बघितलं, पाहिलंस का म्हणून. मग सुलभा, सोहम, शाळेतली एक मैत्रीण. एक चिंचोका मुठीतच राहिला.

"तो कोणाचा गं?"

"हर्षलचा. तो नाही ठेवत."

"का?"

पोरगी हळूच म्हणाली, "आजी इथंच बसेल हाये ना. तिले वाईट वाटते."

सुलभा कप उचलून आत गेली. पोरगी मला भ्यायली असती, तर दोन शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण ती मला जपत होती. एवढीशी पोर मला सांभाळत होती, आणि गावात नाव होत होतं माझं.

मी आत जाऊन सुलभेकडून गोजरबाईला फोन लावून घेतला. "रविवारी पोरीले घेऊन येतो," म्हटलं.

"काऊन? नातू पुरला नाही का राखीले?" गोजरबाईनं टोमणा मारला.

मला उत्तर येत होतं. ते गिळून मी रविवारचं पक्कं केलं.

बाहेर आले, तर नीरजाबाई चप्पल घालत होत्या.

"बाई, तुम्ही पोरीलेच इचारलं, लय बरं केलं," मी म्हटलं. "मले इचारलं असतं तं मी साफ खोटं सांगतलं असतं. अन् तुम्ही ते खरं म्हणून लिहून नेलं असतं."