मापारीण

माधवरावांना अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या अंगासोबत त्यांचं बोलणंही गेलं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हमालांना हाका मारण्यात ज्यांची सारी नोकरी गेली, ते माधवराव आता पूर्णेच्या घरात खिडकीशी कॉटवर पडून नुसते बघत राहायचे. मुलगी मधुवंती गावातल्याच शाळेत शिकवायची. तिनं लग्न केलं नव्हतं, तेव्हा सगळं तिच्यावरच येणार हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण झालं तसंच. भाऊ विवेक हैदराबादला होता. तो रोज फोन करायचा.

पावसाळा सरता सरता एका सकाळी माधवरावांच्या तोंडून शब्द फुटला. मधुवंती त्यांची चादर बदलून, पाणी गरम करायला ठेवून, औषध घेऊन परत आली होती.

"मापारीण," ते म्हणाले.

औषधाची वाटी खाली ठेवून ती जवळ आली. "काय म्हणालात, अण्णा? परत म्हणा!"

"मापारीण."

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "शब्द आला हे चांगलं लक्षण आहे. त्याला धरून बोलत राहा." पण धरायचं काय? दुसरा शब्द येईना, आणि हा थांबेना. जेवताना मापारीण, अंग पुसताना मापारीण. तिला वाटलं, मोंढ्यात धान्य मोजणारा मापारी असतो, त्याची बायको असेल का कुणी ओळखीची? शेजारी विचारलं. मग वाटलं, त्यांना माप हवं असेल. तिनं माळ्यावरून जुनी पायली काढली, घासून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी डाव्या हातानं ती ढकलून दिली आणि डोळ्यांतून पाणी काढलं.

"आडनाव असेल कुणाचं तरी," विवेक फोनवर म्हणाला. "मी सर्च केलं, काहीच येत नाही. तू फार विचार नको करू."

"मी विचार कधी करू? सांग ना."

  कुकरची शिट्टी झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

नवरात्र संपल्यावर सुमंगलाआत्या चुडाव्याहून आली. माधवरावांची ही थोरली बहीण. गुडघे धरत, पिशवीत सीताफळं घेऊन, पॅसेंजरनं आली आणि भावाच्या उशाशी बसली. मधुवंती चहा घेऊन आली, बिस्किटं विसरली म्हणून आत गेली, मग भांडं घेऊन आली, मग टॉवेल.

"मापारीण," माधवराव म्हणाले.

आत्या हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"आत्या, तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? अळी गं. ती पाठीची कमान करत चालती बघ. पुढचं टोक टेकवती, मागचं ओढून घेती, वीत घालून मोजल्यासारखं. सोयाबीनवर येती, तिला आता उंटअळी म्हणायलेत. आमच्या घरी मापारीण म्हणायचे. बाहेर कुठं मी ऐकला नाही हा शब्द."

"मग अण्णा मला अळी म्हणायलेत?"

"बाई सारखी आत-बाहेर करायला लागली, की तिला म्हणायचे. आमची आज्जी आईला म्हणायची, ते टोचून. कामाला उरक नाही, नुसती जागा मोजत फिरती म्हणून. आणि आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, तिलाच म्हणायचे तेव्हा त्याचा अर्थ, पुरे झालं काम, बस आता जरा."

मधुवंती टॉवेल हातात धरून उभीच राहिली. "अण्णा कुठल्या अर्थानं म्हणायलेत?"

"मला काय ठाऊक? मी वर्षाला दोनदा येते. रोज तू असतीस इथं."

मधुवंती कॉटजवळ गेली. "अण्णा, मी मापारीण का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.  मग निकामी पाय डाव्या हातानं ओढून त्यांनी काठाशी थोडी जागा केली.

ती बसली. पाठ भिंतीला टेकली. आत दूध उतू गेल्याचा वास आला. ती उठायला लागली तर आत्या म्हणाली, "बस गं, मी बघते," आणि गुडघे धरत आत गेली. मधुवंतीला बसल्या बसल्या झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं विवेकला आपण होऊन फोन केला. शब्दाचा अर्थ सांगितला नाही. म्हणाली, "दिवाळीची वाट बघू नको. आत्ता ये. मी थकले."

तो आला, आठवडाभर राहिला. बापाला नीट कुशीवर वळवता येईना म्हणून रडला, मग शिकला. जाताना त्यानं सकाळ-संध्याकाळसाठी एक बाई ठरवून दिली. मधुवंतीला त्यामुळे थोडी उसंत मिळाली, फार नाही.

पुढं माधवरावांना "पाणी" म्हणता यायला लागलं, "नको" म्हणता यायला लागलं. मधुवंतीचं नावसुद्धा अर्धंमुर्धं जमलं. मापारीण मात्र त्यांच्या तोंडून गेली. तिनं एकदोनदा म्हणून दाखवलं, तर ते नुसते बघत राहिले.