आक्काबाईचा पोपटी

सोपान पेंटरनं चाळीस वर्षं बेल्ह्याच्या बाजारात बैलांची शिंगं आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बायको आक्काबाई म्हणायची, "समद्या गावाला रंगवता, मला बी काढा की एकदा. त्या पोपटी लुगड्यात." सोपान म्हणायचा, "काढू की, घाई काय." आता हात थरथरायला लागला आणि आक्काबाईही गेली. उद्या तिचा जलदान विधी होता.

म्हणून तिचा एकुलता एक काळा-पांढरा फोटो घेऊन तो जुन्नरच्या फ्लेक्सच्या दुकानात आला. फ्लेक्सनं त्याचा धंदा बुडवला तेव्हा तिथं पाय ठेवणार नाही म्हणून त्यानं चारचौघांत शपथ घेतली होती. घ्या आता, थुंकलेलं चाटा!

कॉम्प्युटरवर स्नेहल होती. लुगड्यात रंग भरायचा म्हटल्यावर सोपान सांगू लागला, "पिवळ्यात निळ्याचा थेंब टाक, पोरी."

"काका, इथं पिवळा नसतोच. लाल, हिरवा, निळा, एवढंच. पोपटीला हिरव्यात लाल घालायचा."

"हिरव्यात लाल? येडी का काय! चिखल व्हईल त्याचा."

"डब्यात व्हईल. इथं उजेड मिसळतो. उजेडात उजेड घातला की वाढतोच."

तिनं लाल वाढवला आणि लुगडं झळाळून उठलं. अगदी तेच, लग्नानंतर ते नेसून आक्काबाई उन्हात उभी राहिली होती तेव्हाचं. हा पोपटी सोपाननं जन्मभर डब्यांतून जुळवून पाहिला होता, पण कधी जमला नव्हता. सवयीनं त्यानं पडद्यावर अंगठा घासला आणि नखावर शेड पाहिली. नखावर काहीच आलं नव्हतं. म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

छापून आलेला फ्लेक्स मात्र शेवाळी निघाला.

"छापताना शाईच असती, काका," स्नेहल ओशाळून म्हणाली. "पडद्यावरचा उजेड तिच्यात उतरत नाय."

म्हणजे शेवटी डबाच. सोपानला राग आला तो स्वतःचाच. हात चालत होता तेव्हा शेवाळी तर शेवाळी, एकदा काढलं असतं, तर तिनं डोळ्यांनी बघितलं तरी असतं.

"येकदा पुन्हा दाव पडद्यावर," तो म्हणाला.

तिनं माउसला हात लावला आणि लाईट गेली. पडदा काळा पडला.

"भारनियमन. आता सहालाच येणार. तुमची बेल्ह्याची शेवटची गाडी साडेचारला ना?"

"जाऊ दे गाडी." फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर घेऊन सोपान स्टुलावर बसला. "तिनं चाळीस वर्सं वाट बघितली."