सरुबाईंच्या ओठांमागची मी

मित्रांनो, वारज्यातल्या एका घरात, भिंतीतल्या फळीवर स्टीलचा एक छोटा डबा आहे. त्यात मी पडून असते. मी एक जुनी कवळी. वर चौदा दात, खाली चौदा, आणि वरच्या टाळूवर मधोमध गेलेली सांध्याची रेघ. मला पाहून मुलं हसतात, काही पळून जातात. हसा खुशाल, पण माझी हकीकत ऐकून घ्या.

माझा जन्म २००८ साली पुण्यातल्या एका दंतमहाविद्यालयात झाला. तिथे डॉक्टर श्यामला संशोधन करत होत्या. तोंडात एकही दात न उरलेली साठ माणसं त्यांनी निवडली होती. त्यांतल्या तिसांच्या खालच्या जबड्याच्या हाडात दोन बारीक स्क्रू बसवायचे आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकवायची. उरलेल्या तिसांना नुसती कवळी द्यायची, हिरडीवर टेकून राहणारी. वर्षभराने कोण नीट चावतं, कोण समाधानी आहे, ते मोजायचं. कोणाच्या वाट्याला काय येणार ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार होती. डॉक्टरांनाही ती बदलता येत नव्हती.

सरुबाई त्या साठांपैकी एक. वय बासष्ट. दात गेल्यावर त्यांना भाकरी चावत नव्हती, पण त्यासाठी त्या आल्या नव्हत्या. त्यांचे मालक गेनबा दगडाच्या खाणीत सुरुंग लावत. वीस वर्षांपूर्वी एक सुरुंग अगदी जवळ उडाला आणि त्यांचे दोन्ही कान गेले. दोघांनाही लिहितावाचता येत नव्हतं. मग गेनबा बायकोच्या ओठांकडे बघून तिचं बोलणं ओळखायला शिकले. दुसऱ्या कोणाचं त्यांना समजत नसे, सरुबाईंचं मात्र सगळं समजे. पुढे सरुबाईंचे दात पडले, गाल बसले, ओठ आत ओढले गेले आणि गेनबांना तेही बोलणं दिसेनासं झालं. एका घरात राहून दोघं दोन वर्षं जवळजवळ मुकी झाली होती.

सरुबाईंच्या चिठ्ठीत नुसती कवळी निघाली.

"बाई, मला ती खिळ्याची न्हाई का मिळायची?" त्यांनी विचारलं.

"वर्ष संपलं की तुम्हालाही स्क्रू बसवून देऊ, आजी. पैसे पडणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण आज चिठ्ठी बदलली तर सगळा अभ्यास खोटा पडेल."

सरुबाईंनी संमतीचा कागद पुढे ओढला. "खोटं नगं," त्या म्हणाल्या, आणि कागदावर अंगठा उठवला.

मला घडवलं दिगंबरने. तो तिथला दात बनवणारा कारागीर. एरवी तो खोलीतून बाहेर येत नसे. पण डॉक्टरांनी त्याला गेनबांचं सांगितलं, तेव्हा मेणात बसवलेले माझे दात घेऊन तो स्वतः सरुबाईंसमोर येऊन बसला. "आजी, 'मामा' म्हणा. आता 'वावर' म्हणा." ओठ कसे उठतात ते तो पाहायचा आणि पुढचे दात केसभर पुढेमागे करायचा. असं तीनदा झालं. शेवटी म्हणाला, "जेवायला बसवायचेत की भाषणाला, तेवढं ठरवा." मात्र दात त्याने भाषणासाठीच बसवले. मग मेणाच्या जागी गुलाबी अंग आलं, मला घासून चकचकीत केलं आणि मी सरुबाईंच्या तोंडात गेले.

घरी आल्यावर त्या गेनबांसमोर उभ्या राहिल्या. "मथुरावन्सं यायच्यात परवा," त्या हळूच म्हणाल्या.

गेनबा बघत राहिले. "मथुरा? परवा?"

सरुबाईंनी तोंडावर हात धरला. त्यांचे खांदे हलत होते.

"हात काढ," गेनबा म्हणाले. "दिसंना."

मित्रांनो, इतकं मोठं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मी काही गुणी कवळी नव्हते. माझा खालचा भाग डुलायचा, हिरडीला टोचायचा. तपासणीत सरुबाईंना शेंगदाणे देत, वीस वेळा चावायला लावत आणि तुकडे चाळणीत घालून मोजत. स्क्रूवाल्यांचे तुकडे बारीक असत, आमचे जाडेभरडे. मग प्रश्नांचा कागद. दातांमुळे चारचौघांत जायचं टाळता का? दुखतं का? एकदा सरुबाईंनीच विचारलं, "मालकांना माझं बोलनं कळतं का, ह्यो सवाल तुमच्या कागदात न्हाई व्हय?"

"नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

अकराव्या महिन्यात गेनबांच्या छातीत कफ भरला. त्यांना दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी सरुबाई घाईघाईने मोरीवर मला धूत होत्या. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्या वळल्या आणि मी हातातून निसटले. खाली दगडी फरशी होती. माझ्या वरच्या भागाचे दोन तुकडे झाले.

मला रुमालात बांधून त्या तशाच दवाखान्यात गेल्या. गेनबा जागे होते. "घरी कवा न्यायचं मला?" त्यांनी विचारलं.

सरुबाई सांगू लागल्या. गेनबांनी डोळे बारीक केले, मान हलवली. त्या पुन्हा बोलल्या, पुन्हा बोलल्या. मी रुमालात ऐकत होते. शब्द सगळे तेच होते, फक्त त्यांना आकार नव्हता. शेवटी गेनबांनी हात उचलून बायकोच्या ओठांवर ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

त्या उठल्या आणि थेट दिगंबरकडे आल्या. त्याने हातातलं काम बाजूला सारलं. मला सांधायला, घासायला चार तास लागले. सरुबाई बाकावर बसून होत्या. मला तोंडात घालून त्या परत पोचल्या, तेव्हा चार वाजले होते. गेनबा साडेतीनला गेले होते.

नर्स चादर ओढायला आली. सरुबाईंनी तिला थांबवलं, स्टूल ओढलं आणि त्या बोलू लागल्या. "उद्या न्यायचं व्हतं तुमास्नी घरी. डॉक्टर म्हनलं व्हतं, ताप उतारलाय. आपली गाय व्याली, कालवड झाली." सगळं स्पष्ट बोलल्या. एक अक्षर सुटलं नाही. मी त्या दिवशी तसूभरही हलले नाही.

वर्ष संपलं. सरुबाई तपासणीला गेल्या नाहीत, म्हणून डॉक्टर श्यामला स्वतः वारज्याला आल्या. स्क्रू बसवण्याची तारीख त्यांनी सांगितली.

"नगं, बाई," सरुबाई म्हणाल्या. "मऊ भात जातोय की गिळून. बोलून दावायचं कुनाला?"

डॉक्टर उठल्या. जाताना त्यांनी विचारलं, "आजी, चिठ्ठीत स्क्रू निघाले असते तर..."

"खिळ्याची कवळी बी फुटली असती की हातातनं पडून," सरुबाई म्हणाल्या. "तुमचा न्हाई दोष." त्यांनी मला काढलं, पुसलं आणि डब्यात ठेवलं.

पुढे तो अभ्यास छापून आला म्हणे. स्क्रूवाल्या कवळ्या सरस ठरल्या, आणि ते खरंच आहे. मी मात्र कोरड्या डब्यात वाळत गेले. पाण्यावाचून माझं अंग वाकडं झालं. आता मी कोणाच्याच तोंडात बसणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कवळी असेल तर ती पाण्यात ठेवा, आणि धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं धरा. एवढं तर कराच. पण त्याहून एक मागणं आहे. दात गेलेलं माणूस बोलायला लागलं, की आपण "बरं बरं" म्हणून उठतो. उठू नका. त्याच्याकडे तोंड करून बसा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.