शिंप्याची पानगळ

मित्रांनो, मी एक जुनी करडी मोटार आहे. कारखान्यातून निघाले ती थेट एका शिंप्याच्या दारात येऊन उभी राहिले. आठवडाभर मी कापडाचे तागे आणि शिवलेले कोट वाहत असे. माझ्या सीटच्या फटींत आजही टाचण्या सापडतील.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की एका रविवारी शिंपी बायकोला आणि मुलीला घेऊन गावाबाहेर फिरायला निघे. पुढे त्याची दृष्टी गेली, तेव्हा बायको पन्नाशीत गाडी शिकली. पहिल्याच दिवशी तिने मला फाटकावर घातले. पण रस्ता मोकळा लागला की तिची जीभही मोकळी होई. "ती टेकडी डॉक्टरांच्या कोटाच्या अस्तरासारखी झालीय, तांबूस. आणि तळ्याकाठी ना, मास्तरांची ती विटलेली मखमल अंथरलीय." शिंपी मान डोलवी. त्याला सारे दिसे. मुलगी मागे बसलेली असे, कानात गाणी लावून.

मग आठ दिवसांच्या तापाने शिंप्याची बायको गेली.

त्या वर्षी पानगळीत मुलगी मुद्दाम सुट्टी काढून आली आणि वडिलांना घेऊन निघाली. टेकडी आली तसे त्याने विचारले, काय दिसतेय?

"झाडं आहेत, बाबा. पिवळी झालीत."

"पिवळी म्हणजे कशी?"

तिने मला कडेला घेतले. बाहेर वारा सुटला होता, माझ्या टपावर पाने टपटपत होती.

"मला आईसारखं नाही सांगता येत. मी मागेच बसायचे, पण एकदाही ऐकलं नाही."

शिंप्याने चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे. चल, घरी जाऊ."

इतक्या वर्षांत त्या रस्त्यावरून मी अर्ध्यातून कधी परतले नव्हते.

शिंप्याने पुन्हा बाहेर जायचे नाव काढले नाही. हिवाळ्यात तोही गेला. मुलीने मला विकले नाही, पण चालवलेही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या चाकांतली हवा गेली, उंदरांनी सीट कुरतडल्या.

मित्रांनो, गाडीचे तेलपाणी वेळेवर करा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरातले कुणी बोलत असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. गाडी दुरुस्त करणारे लोक अजून मिळतात.